रुपयाच्या चिन्हाची जन्मकथा

विद्यार्थी मित्रांनो, खिशातले एखादे नाणे तळहातावर घ्या आणि नीट पाहा. ते २०११ किंवा त्यानंतरचे असेल, तर आकड्याच्या सोबतीला एक लहानसे अक्षर दिसेल. आपल्या 'र'सारखे, पण अगदी 'र' नव्हे. रोमन लिपीतल्या 'आर'सारखे, पण तेही नव्हे. डोक्यावर शिरोरेषा आणि तिच्या खाली आणखी एक आडवी रेघ. हेच आपल्या रुपयाचे चिन्ह : ₹. किराणा दुकानातील पुड्यावर, विजेच्या बिलावर, शाळेच्या फीच्या पावतीवर आणि मोबाइलच्या पडद्यावर ते आपण दिवसातून पन्नास वेळा पाहतो. परंतु हे अक्षर कोणी काढले, कसे काढले आणि काढणाऱ्याचे शिक्षण काय होते, असे वर्गात विचारले की सगळीकडे शांतता पसरते. काही मुलांना तर असे चिन्ह 'कोणीतरी काढावे लागते' याचेच आश्चर्य वाटते.

हा इतिहास फार जुना नाही. तो कसल्या राजवाड्यातही घडला नाही. तो घडला आपल्याच महाराष्ट्रात, मुंबईतील पवई येथील एका शिक्षणसंस्थेत, कागद आणि पेन्सिल घेऊन बसलेल्या एका तरुण संशोधकाच्या टेबलावर. तथापि ही कथा समजून घ्यायची, तर आधी थोडे मागे आणि थोडे घराजवळ पाहिले पाहिजे.

खूण आणि विश्वास

पैसा म्हणजे शेवटी विश्वास. धातूचा तुकडा किंवा कागदाचा कपटा एका हातातून दुसऱ्या हातात जातो, तो त्यावरील खुणेवर लोकांचा भरवसा असतो म्हणून. हा धडा आपल्या शहरापासून जेमतेम १५ किलोमीटरवर असलेल्या दौलताबादने साऱ्या हिंदुस्थानला शिकवला आहे. सुलतान मुहम्मद बिन तुघलकाने १३२७ च्या सुमारास राजधानी येथे आणली आणि पुढे १३३० ते १३३२ या काळात चांदीच्या टंक्याऐवजी पितळेची व तांब्याची सांकेतिक नाणी चालवली. कल्पना काळाच्या पुढची होती. आज आपण वापरतो त्या नोटा याच तत्त्वावर चालतात. पण त्या नाण्यांवर सहजासहजी नक्कल करता येणार नाही अशी खूण नव्हती. घरोघरी खोटी नाणी पडू लागली, व्यापारी ती घेईनात आणि अखेर सुलतानाला ती नाणी परत घेऊन त्यांच्या बदल्यात खजिन्यातून अस्सल नाणे द्यावे लागले. राज्य बलाढ्य होते, पण खूण दुबळी निघाली.

'रुपया' हे नाव रूढ झाले ते शेरशाह सूर याच्या काळात. १५४० ते १५४५ या अवघ्या पाच वर्षांच्या कारकिर्दीत त्याने सुमारे साडेअकरा ग्रॅम वजनाचे चांदीचे नाणे पाडले. मुघलांनी तेच पुढे चालू ठेवले. मलिक अंबरने १६१० साली वसवलेली खडकी १६५३ साली औरंगाबाद झाली. या नगरीला टांकसाळीचाही मान मिळाला. मुघल काळातील कितीतरी नाण्यांवर 'खुजिस्ता बुनियाद' असे टांकसाळीचे नाव आढळते. त्याचा अर्थ 'शुभ पाया', आणि ते आपल्याच शहराचे दरबारी नाव. त्या काळी नाण्यावर सहसा चित्र नसे. नाण्याची सारी शोभा सुलेखनात असे. खत्तात म्हणजे सुलेखनकार अक्षरांची मांडणी करी, ठसे कोरणारा ती उलटी कोरून काढी. आजच्या भाषेत सांगायचे, तर त्या काळचे ते ग्राफिक डिझायनरच होते. मात्र त्यांतील बहुतेकांची नावे इतिहासात राहिली नाहीत.

हाली आणि कलदार

आपल्या आजोबा-पणजोबांच्या तोंडी 'हाली' आणि 'कलदार' हे शब्द असत. निजामाच्या संस्थानाचा रुपया तो हाली सिक्का. इंग्रजांचा, यंत्रावर पाडलेला रुपया तो कलदार. सहा कलदार रुपयांना सात हाली रुपये असा भाव होता. म्हणजे १०० कलदार रुपयांचे ११६ हाली रुपये, १० आणे, ८ पै होत. (हे गणित विद्यार्थ्यांनी स्वतः करून पाहावे, १ रुपयाचे १६ आणे आणि १ आण्याच्या १२ पै.) सप्टेंबर १९४८ मध्ये संस्थान भारतात विलीन झाल्यानंतरही काही वर्षे हा जुना रुपया मराठवाड्याच्या बाजारात चालत होता.

या हाली रुपयावर चारमिनारचे चित्र असे. ते चित्र बारकाईने पाहिले, तर चारमिनारच्या मधल्या कमानीत एक अक्षर दिसते. मीर महबूब अली खान यांच्या नाण्यावर 'मीम', तर मीर उस्मान अली खान यांच्या नाण्यावर 'ऐन'. एका इमारतीने शहर सांगितले, एका अक्षराने राजा सांगितला. कमीत कमी रेषांत जास्तीत जास्त सांगणे हेच बोधचिन्हाचे मर्म होय.

स्वतंत्र भारतातही अशी कितीतरी चिन्हे आपल्या मनात घर करून बसली आहेत. एअर इंडियाचा मिशीवाला महाराजा १९४६ साली बॉबी कूका यांच्या कल्पनेतून आणि चित्रकार उमेश राव यांच्या हातातून उतरला. स्टेट बँकेचे निळे वर्तुळ १९७१ चे. ते अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेतील शेखर कामत यांनी काढले. बँकेची पाटी वाचता न येणारा माणूसही ते वर्तुळ पाहून आत शिरतो. पण ज्या रुपयासाठी तो बँकेत शिरतो, त्या रुपयाला मात्र २०१० पर्यंत स्वतःची खूण नव्हती.

'रु.' अपुरे का पडले?

आपण मराठीत 'रु.' लिहीत होतो, इंग्रजीत 'आरएस' ही दोन अक्षरे लिहिली जात. व्यवहार अडत नव्हता, मग नवे चिन्ह कशाला, असा प्रश्न तेव्हाही अनेकांनी विचारला होता. त्याचे उत्तर दोन प्रकारचे आहे.

पहिले म्हणजे रुपया हे नाव एकट्या भारताचे नाही. पाकिस्तान, नेपाळ, श्रीलंका, मॉरिशस, सेशेल्स या देशांच्या चलनांचेही नाव रुपयाच आहे. 'आरएस' लिहिले की कोणत्या देशाचा रुपया, हे वेगळे सांगावे लागे. दुसरे म्हणजे डॉलर, पौंड, येन या चलनांना जगभर ओळखली जाणारी एकेका अक्षराची चिन्हे होती. युरोपातील देशांनी युरो हे समाईक चलन आणायचे ठरवले, तेव्हा चलन हातात येण्याच्या कितीतरी आधी, १९९६ सालीच, त्याचे चिन्ह जगापुढे ठेवले. ग्रीक लिपीतील 'एप्सिलॉन' अक्षरावर ते बेतलेले आहे. भारताचा व्यापार वाढत होता, संगणकावरचे व्यवहार वाढत होते. अशा वेळी आपल्या चलनाला स्वतःचा चेहरा हवा, असे केंद्र सरकारला वाटू लागले. ५ मार्च २००९ रोजी अर्थ मंत्रालयाने देशातील नागरिकांसाठी स्पर्धा जाहीर केली. चिन्ह भारतीय लिपीवर किंवा भारताची ओळख सांगणाऱ्या आकृतीवर आधारलेले असावे आणि ते संगणकाच्या कळफलकावर बसणारे असावे, अशी अपेक्षा होती. २०१० च्या अर्थसंकल्पाच्या भाषणात तत्कालीन अर्थमंत्री प्रणव मुखर्जी यांनीही या चिन्हातून भारताची संस्कृती प्रकट व्हावी, असे म्हटले होते.

कल्लकुरिचीचा मुलगा

ज्याचे चिन्ह पुढे निवडले गेले त्याचे नाव डी. उदय कुमार. जन्म १० ऑक्टोबर १९७८, तमिळनाडूतील कल्लकुरिची या गावचा. वडील एन. धर्मलिंगम हे द्रविड मुन्नेत्र कळघम या पक्षाचे माजी आमदार. उदय कुमार यांनी चेन्नईत अण्णा विद्यापीठातून वास्तुशास्त्राची पदवी २००१ साली घेतली. हाती पदवी आली होती, घरे बांधण्याचा धंदा समोर होता. रूढ वाटेने जायचे, तर येथेच गोष्ट संपायला हवी होती.

परंतु त्यांना अक्षरांची ओढ होती. ते मुंबईला आले आणि आयआयटी मुंबईच्या औद्योगिक अभिकल्प केंद्रात दृश्य संप्रेषण या विषयात २००३ साली पदव्युत्तर पदवी मिळवली. तेथे त्यांनी आपल्या मातृभाषेसाठी 'पाराशक्ती' नावाचा तमिळ टंक तयार केला. टंक म्हणजे छपाईसाठी किंवा संगणकासाठी एकाच घडणीत बसवलेली अक्षरांची संपूर्ण मालिका. इंग्रजीत आपण जिला फाँट म्हणतो ती. पुढे तेथेच पीएच.डी.साठी त्यांनी तमिळ मुद्राक्षरांच्या जुन्या इतिहासाचा अभ्यास केला. आपल्याकडे गोव्यात १५५६ साली पहिला छापखाना आला, आणि १५७८ साली केरळातील कोल्लम येथे तमिळ अक्षरांत पुस्तक छापले गेले, इतकी ती परंपरा जुनी आहे. चारशे वर्षांपूर्वीच्या खिळ्यांचा आकार कसा होता, एखाद्या अक्षराची गाठ कोठे वळत होती, कोठे जाड आणि कोठे बारीक होत होती, असल्या गोष्टी न्याहाळण्यात या तरुणाने आपली वर्षे घालवली. बाहेरच्या माणसाला हा रिकामा उद्योग वाटला असता. पुढे काय झाले ते आपण पाहतोच आहोत.

पवईची शाळा

ज्या संस्थेत हे घडले, तिचाही थोडा परिचय हवा. आयआयटी म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे यंत्रे आणि गणिते उभी राहतात. पण आयआयटी मुंबईत १९६९ पासून अभिकल्पाचे, म्हणजे डिझाइनचे, स्वतंत्र केंद्र आहे. या केंद्राच्या सुरुवातीच्या उभारणीत प्रा. सुधाकर नाडकर्णी यांचा मोठा वाटा होता. मुंबईच्या जे. जे. कला महाविद्यालयात शिकलेले हे गृहस्थ पुढे जर्मनीतील उल्म येथील नामवंत डिझाइन विद्यालयात गेले. मुंबईकरांना दूध वाटणाऱ्या केंद्राची रचना हा त्यांनी तेथे अभ्यासासाठी घेतलेला विषय. घडी घातलेल्या कागदावर सुंदर चित्र काढण्याइतकाच, सकाळी रांगेत उभ्या असलेल्या माणसाला बाटली पटकन कशी मिळेल हाही डिझाइनचाच प्रश्न असतो, हे त्यातून दिसते. पुढे गुवाहाटीच्या आयआयटीतील डिझाइन विभागाची स्थापनाही त्यांच्याच हातून झाली. ही गोष्ट लक्षात ठेवावी, कारण तिचा धागा पुढे येणार आहे.

याच केंद्रात १९८० आणि १९९० च्या दशकांत प्रा. र. कृ. जोशी शिकवीत होते. जोशी हे कवी, सुलेखनकार आणि जाहिरातक्षेत्रातील नावाजलेले कलादिग्दर्शक. भारतीय लिप्यांचा संगणकावर सन्मानाने वावर व्हावा, यासाठी त्यांनी आयुष्याची शेवटची वर्षे खर्च केली. संगणकावर मराठी टंकलिहिताना 'मंगल' नावाचा टंक अनेकांनी वापरला असेल. तो जोशी यांच्या नेतृत्वाखाली तयार झाला. २००८ साली त्यांचे निधन झाले. त्यांच्याही आधी महाराष्ट्र शासनाच्या मुद्रण विभागाचे बापूराव नाईक यांनी देवनागरी मुद्राक्षरांवर १९७१ साली मोठा ग्रंथ सिद्ध केला होता. म्हणजे उदय कुमार पवईला आले, तेव्हा अक्षराला गंभीरपणे घेणारी परंपरा महाराष्ट्रात तयार होती. चेन्नईच्या मुलाला ती मिळाली, कारण तो तिच्या शोधात येथवर आला.

३,३३१ मधून एक

स्पर्धेला देशभरातून सुमारे ३,३३१ चिन्हे आली. त्यांतून पाच निवडली गेली. नंदिता कोरिया-मेहरोत्रा, हितेश पद्मशाली, शिबिन के. के., शाहरुख इराणी आणि डी. उदय कुमार हे ते पाच स्पर्धक. यांची नावे मुद्दाम दिली, कारण अंतिम फेरीत पोहोचूनही ज्यांचे चिन्ह निवडले जात नाही, त्यांना लोक लवकर विसरतात. निवड करणाऱ्या समितीच्या प्रमुखपदी रिझर्व्ह बँकेच्या तत्कालीन डेप्युटी गव्हर्नर उषा थोरात होत्या.

अंतिम निर्णय केंद्रीय मंत्रिमंडळाने घ्यायचा होता. २४ जून २०१० च्या बैठकीत तो पुढे ढकलला गेला. १५ जुलै २०१० रोजी मंत्रिमंडळाने उदय कुमार यांच्या चिन्हावर शिक्कामोर्तब केले आणि तत्कालीन माहिती व प्रसारण मंत्री अंबिका सोनी यांनी ते देशाला जाहीर केले. विजेत्यास अडीच लाख रुपयांचे पारितोषिक होते. त्या वेळी उदय कुमार ३१ वर्षांचे होते. योगायोग असा, की त्याच सुमारास ते आयआयटी गुवाहाटीच्या डिझाइन विभागात अध्यापक म्हणून रुजू होत होते. प्रा. नाडकर्णी यांनी उभारलेल्या एका संस्थेत शिकून ते त्यांनीच उभारलेल्या दुसऱ्या संस्थेत शिकवायला निघाले होते. शिक्षणाची परंपरा अशी एका हातातून दुसऱ्या हातात जाते.

चिन्हाची घडण

आता चिन्हाकडे वळू. विद्यार्थ्यांनी वहीत एक देवनागरी 'र' काढावा आणि त्याच्या शेजारी रोमन 'आर' काढावा. रोमन अक्षराची डावीकडची उभी काठी पुसून टाकावी. उरलेला भाग पाहा : वरचा गोलवा आणि खाली उजवीकडे उतरणारा पाय. तो आता जवळजवळ आपल्या 'र'सारखाच दिसू लागतो. दोन लिप्यांमधले हे साम्य उदय कुमार यांच्या नजरेने टिपले. दोन्ही अक्षरांचा उच्चार एक, आणि दोन्हींचा देहही एकमेकांच्या इतका जवळ! देवनागरी वाचणारा त्यात 'र' पाहतो, इंग्रजी वाचणारा 'आर' पाहतो, आणि दोघेही त्याला रुपयाच म्हणतात.

त्यावर त्यांनी शिरोरेषा दिली. जगातील बहुतेक लिप्यांतली अक्षरे खालच्या रेषेवर उभी राहतात; देवनागरी अक्षर वरच्या रेषेला टांगलेले असते. ही आपल्या लिपीची खास ओळख. शिरोरेषेखाली दुसरी आडवी रेघ येते. येन आणि युरो यांच्या चिन्हांतही दोन आडव्या रेघा आहेत. त्यामुळे हे नवे चिन्ह त्यांच्या पंक्तीत बसवले, तर उपरे वाटत नाही. या दोन रेघा आणि त्यांच्यामधली मोकळी जागा मिळून फडकणाऱ्या तिरंग्याचा भास होतो, असे त्यामागचे विवेचन होते. याच दोन समांतर रेघा गणितातले बरोबरीचे चिन्हही सुचवतात. देवघेवीत दोन्ही बाजू समान असाव्यात आणि समाजातली आर्थिक विषमता कमी व्हावी, हा त्यातला अर्थ.

अर्थ सांगणे सोपे असते. ते रेषेत उतरवणे अवघड. चलनाचे चिन्ह एकटे राहत नाही, ते नेहमी आकड्यांच्या शेजारी बसते. म्हणून त्याची उंची आणि रुंदी आकड्यांच्या मापाला जुळवावी लागते. ते नाण्यावर कोरता आले पाहिजे, पुड्यावरच्या बारीक छपाईत रेघा एकमेकींत मिसळता कामा नयेत, आणि घाईत असलेल्या दुकानदाराला दोन फटक्यांत हाताने लिहिता आले पाहिजे. मोठ्या फलकावर भव्य दिसणारी कितीतरी चित्रे या परीक्षेत नापास होतात. ₹ या परीक्षेत उतरले, आणि म्हणूनच आज भाजीवालाही पाटीवर खडूने ते सहज काढतो.

कळफलकापर्यंतचा प्रवास

मंत्रिमंडळाने ठराव केला म्हणून चिन्ह लगेच लोकांच्या हाती येत नाही. संगणकाला प्रत्येक अक्षर एका क्रमांकाने कळते. हे क्रमांक ठरवणारी युनिकोड ही आंतरराष्ट्रीय व्यवस्था आहे. ऑक्टोबर २०१० मध्ये युनिकोडच्या सहाव्या आवृत्तीत आपल्या रुपयाला स्वतःचा क्रमांक मिळाला. निवड झाल्यापासून अवघ्या तीन महिन्यांत! त्याआधी मंगळूरच्या एका कंपनीने तर निवडीनंतर थोड्याच दिवसांत हे चिन्ह उमटवणारा टंक लोकांना मोफत देऊन टाकला होता. पुढे भारतीय कळफलकावर '४' या आकड्याच्या कळीवर त्याला जागा मिळाली. जुलै २०११ मध्ये हे चिन्ह असलेली नाणी आली आणि २०१२ पासून नोटांवरही ते दिसू लागले.

टीका आणि वाद

हे सारे एकमताने झाले, असे मात्र नाही. इतिहास लिहिताना दुसरी बाजूही नोंदवली पाहिजे. काहींना चिन्ह देवनागरीकडे झुकलेले वाटले. देशात इतक्या लिप्या असताना एकीलाच मान का, असा त्यांचा प्रश्न होता. काहींनी स्पर्धेच्या पद्धतीवरच बोट ठेवले. एका स्पर्धकाने दिल्ली उच्च न्यायालयात याचिका केली. नोव्हेंबर २०१० मध्ये न्यायालयाने ती फेटाळली.

पुढे मार्च २०२५ मध्ये तमिळनाडू सरकारने आपल्या अर्थसंकल्पाच्या बोधचिन्हात ₹ ऐवजी तमिळ लिपीतील 'रू' हे अक्षर वापरले, आणि देशभर चर्चा झाली. गंमत अशी, की ज्या पक्षाच्या सरकारने हे केले त्याच पक्षाचे उदय कुमार यांचे वडील आमदार होते, आणि ज्याने 'र' हे देवनागरी अक्षर देशाला दिले, त्याने आपली विद्या मिळवली ती तमिळ अक्षरांच्या अभ्यासातून. उदय कुमार यांनी त्या वादात उडी घेतली नाही. आपली भाषा मनापासून जपणारा माणूस दुसऱ्याच्या लिपीचे सौंदर्यही ओळखू शकतो, हे त्यांच्या कामावरून दिसते. ज्या मराठवाड्यात एकाच घरात उर्दू, मराठी आणि दखनी नांदतात, त्या मराठवाड्यातील मुलांना हे वेगळे समजावून सांगायला नको.

पालकांशी दोन शब्द

आता थोडे पालकांशी. पालकसभेत एक वाक्य हमखास ऐकू येते : "सर, पोरगा नुसती चित्रं काढत बसतो. चित्रांनी पोट भरतं का?" या वाक्यामागची काळजी खरी आहे. ज्या घरात महिनाअखेर जुळवताना दमछाक होते, त्या घराने मुलाच्या भाकरीचा विचार आधी करावा, यात काहीच गैर नाही. म्हणून उत्तरही भावनेच्या नव्हे, माहितीच्या आधाराने द्यायला हवे.

चित्रकला हा आता केवळ छंद उरलेला नाही. औषधाची बाटली, बँकेचे अॅप, रुग्णालयातील दिशादर्शक पाट्या, शाळेचे पाठ्यपुस्तक, यांतील प्रत्येक गोष्ट कोणीतरी शिकलेल्या माणसाने आखलेली असते आणि त्याला त्याचे वेतन मिळते. या शिक्षणाची वाट आपल्या शाळेतूनच निघते. शासनाच्या एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट या रेखाकला परीक्षा मुलांना देऊ द्या. इंटरमिजिएट उत्तीर्ण झाल्यास दहावीला वाढीव गुणही मिळतात. आपल्याच शहरात शासकीय कला व अभिकल्प महाविद्यालय आहे. मुंबईत जे. जे.ची परंपरा आहे. अहमदाबादला १९६१ मध्ये स्थापन झालेली राष्ट्रीय डिझाइन संस्था आहे. आणि आयआयटी मुंबईत बारावीनंतर थेट डिझाइनची पदवी २०१५ पासून सुरू झाली आहे. तिच्यासाठी 'यूसीड' नावाची प्रवेशपरीक्षा असते आणि तीत विज्ञान, वाणिज्य, कला अशा कोणत्याही शाखेचे विद्यार्थी बसू शकतात. आयआयटीचे दार विज्ञान शाखेच्या गुणांनीच उघडते, ही समजूत त्यामुळे आता सोडायला हवी. मुलींच्या पालकांनी तर हे अवश्य लक्षात घ्यावे. उदय कुमार यांच्यासोबत अंतिम फेरीत असलेल्या नंदिता कोरिया-मेहरोत्रा याही वास्तुविशारद होत्या.

एक गोष्ट मात्र मुलांनीही समजून घ्यावी. ही वाट सोपी नाही. उदय कुमार यांनी पाच वर्षांचे वास्तुशास्त्र, त्यानंतर पदव्युत्तर अभ्यास आणि त्यावर पीएच.डी. एवढे शिक्षण घेतले. ते अडीच लाख रुपये लॉटरीत लागले नव्हते. दोन लिप्यांतील एका अक्षराचे साम्य त्यांना दिसले, कारण त्याआधी त्यांनी हजारो अक्षरे डोळ्यांखालून घातली होती. हातात कला असणे ही सुरुवात झाली. तिच्यामागे वाचन, गणिताची शिस्त आणि मोजमापाचा काटेकोरपणा नसेल, तर ती वहीच्या शेवटच्या पानावरच राहते.

आपल्या समाजात सुलेखनाची थोर परंपरा आहे. नस्तालीकमध्ये लिहिलेली एखादी जुनी सनद पाहा, किंवा खुलदाबादच्या आणि शहराच्या जुन्या वास्तूंवरील शिलालेख पाहा. दगडात कोरलेली ती अक्षरे आजही जिवंत वाटतात. दुकानांच्या पाट्या रंगवणारे आपल्या शहरातील कितीतरी पेंटर तीन-तीन लिप्या सारख्याच सफाईने लिहीत. फ्लेक्स आले आणि त्यांचे काम गेले. त्यांच्या हातातील कसब पुढच्या पिढीला मिळणार असेल, तर ते आता शाळा-महाविद्यालयांच्या मार्गानेच मिळेल. अक्षरावर प्रेम करणारे मूल घरात असेल, तर त्याला बोरू, कागद आणि थोडा वेळ द्यावा. त्याचे मराठी, उर्दू आणि इंग्रजी तिन्ही अक्षर सुधारू द्यावे.

विद्यार्थी मित्रांनो, जुन्या टांकसाळीत ठसे कोरणाऱ्यांची नावे आपल्याला ठाऊक नाहीत, कारण ती कोणी लिहून ठेवली नाहीत. रुपयाचे अक्षर काढणाऱ्याचे नाव मात्र आता तुम्हाला ठाऊक झाले आहे. उद्या कोणी विचारले, तर वर्गात शांतता पसरू देऊ नका. आणि देशाला लागणारी पुढची खूण तुमच्यापैकी कोणाच्या वहीत तयार होणार नाही, असे आताच कोणी सांगू शकत नाही. त्यासाठी पेन्सिलीला टोक काढून ठेवा, आणि अभ्यासही चालू ठेवा.